चार बोल्टांचं काम

"दोनदा दाब, तिसऱ्यांदा पार जमिनीला टेकव, तस्साच धरून ठेव, आणि मग चावी फिरव. मधेच पाय काढलास तर लाथ बसेल."

बेलार्मिनोच्या वडिलांना जाऊन एकवीस वर्षं झाली होती, पण गाडीत बसलं की त्यांचा आवाज अजून उजव्या कानाशी यायचा. ॲक्सिलरेटरविषयीचा हा उपदेश त्यांनी मुलाला अकराव्या वर्षी केला होता, आणि कबूल केलेली लाथ त्याच दिवशी दोनदा दिली होती. तेव्हा ती सहासष्ट सालची पिकअप कोरी होती. आता तिचा हिरवा रंग नेमका कुठे संपतो आणि गंज कुठे सुरू होतो, हे फक्त बेलार्मिनोला सांगता येत असे, आणि कुणी न विचारता तो ते सांगतही असे.

व्हायेसीतो हे त्यांचं गाव न्यू मेक्सिकोच्या डोंगरात आठ हजार फुटांवर. तिथली विरळ हवा माणसांना मानवते, कार्बुरेटरला मानवत नाही. त्यामुळे गावात कार्बुरेटरवर हात फिरवणाऱ्याला मान होता, आणि तो मान बेलार्मिनोचा होता. बॉनेट उघडून, डोळे मिटून, मान तिरकी करून तो इंजिनाचा आवाज ऐकायचा आणि एका स्क्रूला पाव आटा द्यायचा. कधीकधी गाडी सुधारायची. सुधारली नाही तर तो म्हणायचा, "आता ती आजारी नाहीये, फक्त उदास आहे." लोक समाधानाने परत जायचे. सर्वांत जास्त समाधान त्याचं स्वतःचं व्हायचं.

या सगळ्या वैभवाला धक्का बसला तो गेल्या वर्षी, पंधरा मे रोजी.

त्या दिवशी शेतकऱ्यांचा संत सान इसिद्रो याची मूर्ती चर्चमधून बाहेर निघते आणि गावातल्या प्रत्येक शेताला, प्रत्येक पाटाला दर्शन देऊन परत येते. मूर्ती लाकडाची, कमरेइतकी उंच. समोर दोन लाकडी बैल आणि नांगर. ती बसते बेलार्मिनोच्या पिकअपच्या हौद्यात, गवताच्या गठ्ठ्यावर, आणि तिला धरून बसतो फाकुन्दो. फाकुन्दो हा बेलार्मिनोच्या मुलाचा बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता, त्यामुळे दोघं एकमेकांना 'कोंपाद्रे' म्हणत. म्हणजे सख्खा भाऊ चुकेल, पण कोंपाद्रे चुकणार नाही, इतकं ते नातं जवळचं.

गेल्या वर्षी सेरो नावाच्या टेकडीच्या चढावर गाडी मधोमध बंद पडली. आदल्या संध्याकाळीच बेलार्मिनोने, आवाज जरा गोड यावा म्हणून, त्या स्क्रूला पाव आटा दिला होता. गाडी हिसका देऊन हातभर मागे आली, सान इसिद्रो गवतात आडवे झाले आणि एका बैलाचं शिंग तुटलं. साठ माणसं बघत राहिली. आणि त्या सगळ्यांसमोर बेलार्मिनोने खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं, "फाकुन्दो! धरलं होतंस, की झोप काढत होतास?"

फाकुन्दोने संताला सरळ केलं, गवतातून ते शिंग शोधलं, खाली उतरून बेलार्मिनोच्या हातावर ठेवलं आणि शेतातून चालत घरी गेला. त्यानंतर वर्षभर दोघांत बोलणं झालं ते पाटाच्या पाण्याची पाळी कुणाची, एवढंच. आणि तेही पाटाच्या दोन काठांवरून.

"जा आणि सांग त्याला, चूक माझी होती," युफेलिया म्हणाली. ती बेलार्मिनोची बायको. हे तिने मे महिन्यात सांगितलं, जूनमध्ये सांगितलं, सफरचंदं उतरवताना सांगितलं आणि नाताळच्या मिस्साला जाताना परत सांगितलं.

"सांगणारच आहे. पण आधी गाडी नीट करतो. मग सांगायला बरं पडेल."

"का?"

"का म्हणजे? नुसतं कसं जाणार? हातात काहीतरी पाहिजे."

बेलार्मिनोचा हिशेब असा होता, की गाडी पुन्हा कधीच बंद पडणार नाही अशी व्यवस्था केली, की गेल्या वर्षीची चूक आपोआप मागे पडेल, आणि मागे पडलेल्या गोष्टीबद्दल बोलायची पाळीच येणार नाही. म्हणून ज्या माणसाने जन्मभर कॉम्प्युटरवाल्या गाड्यांना 'शाळेत जाणाऱ्या गाड्या' म्हणून हिणवलं होतं, त्याने फेब्रुवारीत कार्बुरेटर काढून त्या जागी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन बसवायचा संच मागवला. खोक्यावर लिहिलं होतं, 'चार बोल्ट, एक दुपार.'

पहिले चार बोल्ट खरोखरच एका दुपारी निघाले. पाचव्या बोल्टाचा उल्लेख खोक्याच्या आतल्या पुस्तिकेत, सतराव्या पानावर होता.

कार्बुरेटरला पेट्रोल थेंबथेंब चालतं, इंजेक्शनला ते जोरात लागतं. जोरात पाठवायला नवा पंप लागतो. पंपाने पाठवलेलं जास्तीचं पेट्रोल टाकीत परत न्यायला नळी लागते, आणि नळीला टाकीत भोक लागतं. त्या गाडीची टाकी सीटच्या पाठीमागे, आत केबिनमध्येच. म्हणून सीट काढलं. सीट काढल्यावर टाकी उघडली, तर तळाशी साठ वर्षांचा गंज चिखलासारखा बसलेला. म्हणून टाकी नवी. कॉम्प्युटरला इंजिनाचा श्वास कळावा म्हणून सायलेन्सरच्या पाइपात एक नाक बसवायचं होतं. नाकासाठी भोक पाडायला घेतलं, तर पाइप हातात आला. म्हणून पाइप नवा. मार्च संपता संपता पिकअपचा निम्मा भाग गॅरेजच्या जमिनीवर होता आणि उरलेला निम्मा त्याच्याकडे बघत होता.

"चार बोल्ट ना?" युफेलियाने दारातून विचारलं.

"हे त्या चार बोल्टांचे नातेवाईक आहेत."

त्यात ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ. दर वर्षी बेलार्मिनो चाळीस दिवस काहीतरी सोडायचा. या वर्षी, खोकं येण्यापूर्वी, त्याने अपशब्द सोडले होते. पाना निसटून बोटं सोलली की तोंडातून काहीतरी निघायलाच हवं, म्हणून तो संतांची नावं घ्यायचा. "सान अँटोनिओ! सांता रिटा! सान होसे आणि सगळे!" एका दुपारी तरुण फादर लिओनेल रस्त्याने चालले होते. गॅरेजमधून येणारी ती संतमालिका ऐकून ते थबकले, आणि रविवारी प्रवचनात म्हणाले, "आपल्या गावात एक माणूस काम करता करता अखंड प्रार्थना करतो." सगळ्या चर्चने वळून बेलार्मिनोकडे बघितलं. त्याने पट्टी बांधलेली बोटं खिशात घातली आणि नम्रपणे मान खाली घातली. युफेलियाला खोकला आला तो प्रवचन संपेपर्यंत थांबला नाही.

ईस्टरनंतर एकदाचं सगळं जोडून झालं. संचाबरोबर तळहाताएवढा एक पडदा आला होता. त्याने प्रश्न विचारले. इंजिन केवढं? सिलिंडर किती? आणि मग, इंजिन कसं आहे: साधं, दमदार की शर्यतीचं?

बेलार्मिनोने गाडीकडे बघितलं. दुसरं कुणी बघत नाही ना, हे बघितलं. आणि 'शर्यतीचं' वर बोट ठेवलं.

केबिनमध्ये सीट नव्हतंच. म्हणून दाराबाहेर उभं राहून, हात आत घालून त्याने चावी फिरवली. गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली आणि तिने असा काळा धूर सोडला, की दोरीवरच्या पाच चादरी आणि फादर लिओनेलचा धुवायला आलेला पांढरा झगा एका रंगाचे झाले. युफेलियाने कमरेवर हात ठेवून पडद्यात डोकावलं आणि स्वतःच्या बोटाने 'साधं' निवडलं. धूर थांबला.

"हिला खोटं चालत नाही वाटतं," ती म्हणाली.

पुस्तिकेत लिहिलं होतं, की गाडी थोडी चालवा, म्हणजे कॉम्प्युटर तुमच्या चालवण्यातून शिकत जाईल. सीट अजून अंगणात उन्हात पडलं होतं, म्हणून बेलार्मिनोने सफरचंदाचं खोकं उपडं घातलं. रोज दाराबाहेरून चावी फिरवायची, मग आत चढून खोक्यावर बसायचं आणि सेरोचा चढ चढून यायचं, असा क्रम आठवडाभर चालला. खोकं बुटकं होतं. रस्त्यावरून बघणाऱ्याला खिडकीत फक्त एक टोपी दिसायची. टोपी चढावर जाते आणि टोपी परत येते, हे सगळ्या गावाने बघितलं. फाकुन्दोनेही बघितलं, तो आपल्या शेतात कुदळीवर हनुवटी टेकून उभा होता. टोपीने त्याला बघून न बघितल्यासारखं केलं.

पण गाडी! गाडी चढावर एकदाही अडखळली नाही. चौदा मेच्या संध्याकाळी बेलार्मिनोने सीट परत बसवलं, चर्चमध्ये जाऊन बैलाचं चिकटवलेलं शिंग एकदा हलवून बघितलं आणि स्वस्थ झोपला.

पंधरा मे. चर्चच्या अंगणात साठ माणसं, दोन गिटारी आणि एक व्हायोलिन. व्हायोलिन फाकुन्दोचं. तो आला होता, पण गाडीपासून लांब, भिंतीच्या सावलीत उभा होता. सान इसिद्रोला गवतावर बसवलं गेलं. हौद्यात कोण बसणार, असं फादरांनी विचारलं, तेव्हा सगळे भिंतीकडे बघायला लागले आणि भिंत व्हायोलिनच्या तारा जुळवायला लागली.

"मीच बसतो तर," फादर म्हणाले आणि झगा सावरत वर चढले. झगा धुतलेला होता, पण पुरता पांढरा नव्हता.

बेलार्मिनो सुटाबुटात होता. तो सीटवर ऐसपैस बसला, शेजारी युफेलिया मांडीवर फुलांची टोपली घेऊन बसली, आणि त्याने चावी फिरवली.

इंजिन गरगरलं. पेटलं नाही.

परत फिरवली. गरगर. परत. गरगर.

"पंप वाजतोय?" कुणीतरी खिडकीतून विचारलं.

"वाजतोय."

"पेट्रोल आहे?"

"आहे! सगळं आहे!"

बॉनेट उघडलं गेलं. बॉनेट उघडलं की त्या गावात पाच माणसं आपोआप वाकतात. एकाने सांगितलं ठिणगी येत नाही, दुसऱ्याने सांगितलं ठिणगी जास्त येते. तिसरा वास घेऊन म्हणाला, "पेट्रोलचा वासच नाही. पोचतच नाहीये आतपर्यंत." चौथा म्हणाला, "तो कुठेय, कार्बुरेटर?" आणि तो काढला असं कळल्यावर त्याने टोपी काढून छातीशी धरली.

हौद्यातून फादर हळूच म्हणाले, "बेलार्मिनो, ती तुझी प्रार्थना करून बघ ना. गॅरेजमधली."

बेलार्मिनोच्या कपाळावरून घाम कॉलरमध्ये उतरला. बॅटरीचा आवाज जड व्हायला लागला होता. आणखी चार-पाच वेळा, मग संपलंच. आरशात त्याला सावलीतला फाकुन्दो दिसत होता. फाकुन्दो हसत नव्हता. हसला असता तर बरं झालं असतं. इतके महिने, इतके बोल्ट, नवी टाकी, नवा पाइप, आणि गेल्या वर्षी गाडी निदान चढापर्यंत तरी गेली होती! आता बोट दाखवायला हौद्यात फक्त फादर होते, आणि फादरांना 'झोप काढत होतात का' असं विचारता येत नाही.

त्याने डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत म्हटलं, "सान इसिद्रो, एवढ्या वेळी चालू कर. सूर्य मावळायच्या आत फाकुन्दोच्या दारात जातो. गाडी माझी बंद पडली होती, तू नीट धरलं होतंस, असं त्याला सांगतो. माझ्या तोंडाने सांगतो."

मग दोनदा, तिसऱ्यांदा, चावी. गरगर.

युफेलियाला डोळे टिपायला रुमाल हवा होता. डोळ्यांत पाणी नक्की कशाचं होतं ते तिने सांगितलं नाही. तिने समोरचा कप्पा उघडला. आत तो तळहाताएवढा पडदा होता. सणाच्या दिवशी सगळ्या गावासमोर आपल्या गाडीत कॉम्प्युटर दिसू नये, म्हणून बेलार्मिनोने तो तिथे लपवला होता. पडद्यावर लाल अक्षरं पेटलेली होती. तिने चष्मा लावला.

"हे काय लिहिलंय बघ. 'ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आहे. प्लग भिजले आहेत असे समजून पेट्रोल बंद केले आहे.'"

"कुणी दाबलाय?"

"माझे पाय तर फुलांखाली आहेत."

बेलार्मिनोने खाली बघितलं. त्याचा सणाचा काळा बूट ॲक्सिलरेटर जमिनीला टेकवून, पाळण्यातल्या बाळाला धरावं तसा तो धरून बसला होता.

"अगं, हा मी ठेवलेला नाही."

"मग कुणी ठेवलाय? फादरांनी?"

"म्हणजे... तो जातो. आपोआप जातो."

"मग काढ."

त्याने काढला. चावीला हात लावला, आणि हात चावीला लागताक्षणी पाय दोनदा दाबून तिसऱ्यांदा जमिनीला टेकला. परत काढला. परत गेला. पन्नासहून अधिक वर्षं तो पाय एकच गोष्ट शिकला होता, आणि त्यातही दोन लाथा खाऊन. तीन महिने राबून त्याने सगळी गाडी नवी केली होती. एक सुटा भाग मात्र जुनाच राहिला होता, आणि तो त्याच्या सुटाच्या पँटमध्ये होता. आठवडाभर दाराबाहेर उभं राहून चावी फिरवताना तो बिचारा जमिनीवर होता, म्हणून गाडी मुकाट चालू होत होती.

"उतर," युफेलिया म्हणाली.

"तुला नाही जमायचं. हिला पाय ओळखीचा लागतो."

"त्याचंच तर झालंय हे सगळं. उतर."

लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, पण त्या सीटवर युफेलिया पहिल्यांदाच बसली. सीट पुढे ओढलं, टोपली त्याच्या हातात दिली, दोन्ही पाय नीट मागे घेतले, जसे मिस्साला बसताना घेते तसे, आणि दोन बोटांनी चावी फिरवली. बॅटरी एकदाच कण्हली आणि इंजिन पेटलं. इतकं शांत, की बॉनेटखाली वाकलेल्या पाच जणांना कळायला वेळ लागला.

टाळ्या झाल्या. बेलार्मिनो फुलांची टोपली घेऊन धुळीत उभा होता. फादर लिओनेल हौद्यातून उडी मारून उतरले आणि म्हणाले, "मी पुढे चालतो. तू बस संताजवळ."

तर अशा रीतीने त्या वर्षी संताला धरायला बेलार्मिनो बसला. पहिल्या शेतापर्यंत त्याने हसून लोकांना हात केले. दुसऱ्या शेताशी त्याच्या लक्षात आलं, की सान इसिद्रोच्या पायाखालची फळी मागच्या बाजूला गोल झिजलेली आहे. सेरोच्या चढावर गाडी लागली, आणि लाकडी असले तरी संत भलतेच जड असतात, हे त्याला कळलं. गाडी बंद पडली नव्हती, हिसका बसला नव्हता, युफेलिया तर दूध घेऊन जावं तशी चालवत होती. आणि तरी मूर्ती त्याच्या अंगावर कलली. त्याने तिला मिठी मारली. एक बैल सुटला, तो गुडघ्याने अडवला. टोपी उडाली. नांगराचं टोक सुटाच्या बाहीत शिरलं. अशा चढावर, गाडी मागे येताना, एकट्या माणसाने मूर्ती धरून फक्त एक शिंग गमावलं होतं! फक्त एक!

मागून फाकुन्दो व्हायोलिन वाजवत चालत होता. त्याने सूर न तोडता, वाकून, दोन बोटांत अडकवून टोपी उचलली, दहा पावलं झपझप टाकली आणि ती हौद्याच्या कडेला ठेवली.

"धरलंयस ना?" एवढंच त्याने विचारलं.

बेलार्मिनोचं तोंड संताच्या झग्यात दाबलेलं होतं, त्यामुळे उत्तर देता आलं नाही.

मिरवणूक पुरी झाली. जेवणं चर्चमागच्या दालनात होती: मक्याचं पोसोले, लाल मिरचीचा रस्सा, रोट्या, बडीशेपेची बिस्किटं. सगळे युफेलियाभोवती जमले होते. बॉनेटखालच्या पाच जणांपैकी दोघांनी आपापल्या गाड्या तिला दाखवायचं ठरवूनही टाकलं. फाकुन्दो न जेवताच घरी गेला होता.

बेलार्मिनोने बायकोला कोपऱ्यात गाठलं. "एक विचारू? समजा, एखाद्याने संताला काही कबूल केलं. आणि काम झालं. पण ते संताने केलंच नाही, यंत्राने सांगितलं म्हणून झालं. तर ते कबूल केलेलं लागू होतं का? नियमाने बघितलं तर?"

"केबिन एवढीशी असते, बेलार्मिनो. ओठांतलं ओठांत राहत नाही तिथे."

"ऐकलंस?"

"मी काही ऐकलं नाही. ज्यांच्याशी बोललास त्यांनी ऐकलं असेल." तिने त्याच्या बाहीतला नांगराने पाडलेला फाटका धागा ओढून तोडला. "त्यांना तुझा पाय हलवता आला नाही, म्हणून त्यांनी मला बसवलं. जे शक्य होतं ते केलं बिचाऱ्यांनी. एक वाक्य बोलायचं होतं तुला, त्यासाठी अख्खी गाडी उघडलीस."

"वाक्य अवघड होतं गं. गाडी सोपी होती."

"माहीत आहे."

तो बाहेर आला. ऊन अजून सेरोच्या माथ्यावर होतं. फाकुन्दोचं घर पाटाच्या पलीकडे, वीस मिनिटांच्या वाटेवर. पिकअप दारातच उभी होती. तो दाराच्या कडीला हात लावून क्षणभर थांबला. गाडी नेली, तर फाकुन्दो बाहेर येणार, बॉनेट उघडणार, हे कुठलं, ते कुठलं विचारणार, आणि बोलणं अंधार पडेपर्यंत गाडीवरच होणार. तसं झालं तर फार बरं वाटेल, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

त्याने कडीवरचा हात काढला. परत आत जाऊन खुंटीवरची टोपी घेतली आणि युफेलियाने न सांगता बांधून ठेवलेला पोसोलेचा डबा उचलला. मग पाटाच्या काठाकाठाने, सणाचे बूट चिखलाने माखवत, तो निघाला. पहिल्या वळणापर्यंत त्याचे ओठ हलताना दिसत होते.